पाण्यांतील चुना आणि झिंग्याचें कवच

कुही तालुक्यांत आंभोऱ्यापाशीं वैनगंगा आणि कन्हान यांचा संगम आहे. ढिवरांच्या जाळ्यांत तेथें माशांबरोबर झिंगेहि येतात, आणि त्यांत एखादा हाताला अगदीं मऊ लागतो. तो आजारी नसतो; त्यानें नुकतीच कात टाकलेली असते.

झिंग्याचें कवच अंगाबरोबर वाढत नाहीं. तें वरचेवर टाकून नवें घडवावें लागतें, आणि त्यासाठीं चुना, शास्त्रीय भाषेंत कॅल्शियम, पाहिजे. त्यांतला बराचसा तो कल्ल्यांवाटे पाण्यांतूनच घेतो. कुहीकडे त्याची वाण नाहीं. काळ्या मातींत चुनखडी मुबलक. विहिरीचें पाणी रोज तापविलें कीं भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो. गृहिणीला जी कटकट, तेंच झिंग्याचें धन!

हें धन सरतेंहि. कॅनडांत ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरोवरांतून क्रेफिश नांवाचा, मोठ्या नांग्यांचा, झिंग्याचाच एक भाऊबंद राहतो. भारतांत तो मूळचा नाहीं. तो मोठा धोरणी. कात टाकण्यापूर्वीं जुन्या कवचांतला कांहीं चुना काढून तो जठरांत दोन गोट्यांच्या रूपानें सांठवितो, आणि मागाहून टाकलेली कातहि खातो. तरीहि बाकीची भरती पाण्यानेंच करावयाची असते. ती अपुरी पडली कीं कवच उशिरां घट्ट होतें, आणि तोंवर मासे टपलेले असतातच.

तेथील ग्रॅनाइटच्या कातळांत चुना मुळांतच थोडा. विसाव्या शतकांत कारखान्यांच्या धुरांतील गंधकामुळें आम्लाचा पाऊस पडला व त्यानें मातींतला चुना धुऊन नेला. लाकूडतोडीनें झाडांतलाहि गेला. १९९१ सालीं कॅनडा व अमेरिका यांनीं धूर आवरण्याचा करार केला. पाऊस पुष्कळ निवळला, पण अनेक सरोवरांतील चुना घटतच राहिला, आणि क्रेफिशहि विरळ झाले. डॅफ्निया हा सूक्ष्म जलजीवहि मागें हटला. त्याच्या जागीं चिकट आवरणाचा होलोपीडियम वाढला, आणि त्याच्या बुळबुळीनें पाण्याच्या गाळण्या तुंबूं लागल्या.

मस्कोका भागांत आतां घरोघरच्या शेगड्यांतील लाकडाची राख गोळा करून अरण्यांत पसरण्याचा प्रयोग झाला आहे. राखेंत चुना भरपूर असतो. मात्र तो मातींतून झिरपून सरोवरापर्यंत पोंचावयास वर्षें लागतात.