तान्ह्या बाळांमधील अपस्मार : कारणे, परिणाम व वेळेचे मोल

मेंदूतील पेशींमध्ये अकस्मात अनियंत्रित विद्युत्-संदेश उत्पन्न झाल्याने आकडी येते. अशा आकड्या वारंवार येण्याची प्रवृत्ती म्हणजे अपस्मार. केवळ तापात येणारी आकडी म्हणजे अपस्मार नव्हे.

तान्ह्या बाळांत हा विकार ओळखणे कठीण जाते. त्यातील एका गंभीर प्रकाराचे वर्णन डॉ. विल्यम वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केले. रुग्ण त्यांचाच पुत्र होता. साधारणतः ३ ते १२ महिन्यांच्या वयात, बहुधा झोपेतून उठल्यावर, बाळ क्षणभर पुढे वाकते, हात ताठ करते आणि असे झटके एकामागून एक येतात. बाळ दचकले किंवा पोटात कळ आली असे घरच्यांना वाटते. घुटी व दृष्ट काढण्यात आठवडे निघून जातात आणि तोवर बाळाचे हसणे, नजर देणे मंदावते.

प्रसूतीच्या वेळी प्राणवायू कमी पडणे व जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातील साखर घटणे ही आपल्या देशातील महत्त्वाची कारणे होत. सुरक्षित प्रसूती व जन्मानंतर तासाभरात स्तनपान यांनी ती पुष्कळ अंशी टाळता येतात. मेंदूज्वर, मेंदूची सदोष घडण आणि जनुकीय विकार ही अन्य कारणे होत.

मेंदूच्या विद्युत्-आलेखाने (ई.ई.जी.) निदान होते. एसीटीएचची इंजेक्शने, प्रेडनिसोलोन अथवा व्हिगाबॅट्रिन ही प्रमुख औषधे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात. पुढील विकास मूळ कारणावर व उपचारास लागलेल्या विलंबावर अवलंबून असतो. कारण आपल्या हाती नसते. विलंब मात्र टाळता येतो. उशीर झाल्यास बसणे, बोलणे व आकलन मागे पडण्याचा धोका वाढतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, २००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बालकांचा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. जोखमीचे बाळ घरी गेले म्हणजे रुग्णालयाचे काम संपत नाही, हाच त्यातील धडा आम्ही मानतो.

पालकांना आमची विनंती आहे, की असे झटके दिसताच मोबाइलवर त्यांचे चित्रण करावे व त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. कांदा वा चप्पल हुंगवू नये. औषध आपल्या मनाने बंद करू नये. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून बालकांच्या विकासातील विलंबाची तपासणी विनामूल्य होते. तिचाही लाभ घ्यावा.