लश्करातला नकाशा

ग्वाल्हेरात कुणी घर बांधायला काढलं की शेजारी पहिल्यांदा विचारतात, "नकाशा पास झाला का?" महाराष्ट्रात ज्याला बांधकाम परवानगी म्हणतात, त्याला इथल्या मराठी घरांतही सगळे नकाशाच म्हणतात. निळ्या रेघांचा तो कागद हाती येईपर्यंत घराण्याचा सगळा इतिहास टेबलावर मांडावा लागतो, आणि इतकी वर्षं हे पाहिल्यावर माझं ठाम मत झालंय की इथली परवानगी बांधकामाची कमी आणि जमिनीच्या वंशावळीची जास्त असते.

त्याचं कारण शहराच्या जन्मात आहे. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. तंबूंच्या जागी दगडी घरं आली, पण नाव लश्करच राहिलं. शिंदे की छावनी, फालके बाजार, पाटणकर बाजार, चिटणीस की गोठ ही नावं वाचली तरी कोण कुठे उतरलं होतं ते कळतं. दरबारानं दिलेल्या या जागांची कागदपत्रं कुणाकडे पेटीत आहेत, कुणाकडे फक्त आजोबांच्या तोंडी होती.

म्हणून फाइलीत आधी लागते ती रजिस्ट्री, मग नामांतरण म्हणजे फेरफार, मालमत्ता कराची पावती आणि शिवाय नजूलचं ना-हरकत. नजूल म्हणजे शहरातली सरकारी जमीन. तुम्ही बांधताय ती जागा त्यातली नाही, असं जिल्हाधिकाऱ्यांच्या नजूल शाखेनं लिहून द्यावं लागतं. पुण्यात प्रॉपर्टी कार्ड काढणाऱ्याला हा टप्पा नवा वाटेल. आमच्या ओळखीतल्या एका घरात रजिस्ट्री पणजोबांच्या नावावर होती. वारस नऊ, एक भाऊ नागपूरला, एक बहीण परदेशात. सगळ्यांच्या सह्या जमेपर्यंत दोन दिवाळ्या गेल्या. नकाशा काढायला आर्किटेक्टला आठवडाही लागला नव्हता.

जमीन निर्विवाद असली तरी ती कुठे आहे हा प्रश्न उरतोच. प्राचीन स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्रानं संरक्षित केलेल्या स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. किल्ल्याच्या पायथ्याशी किंवा हजिऱ्यात मुहम्मद गौसच्या मकबऱ्याजवळ, जिथे तानसेनची समाधी आहे, राहणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात. मुरार छावणीच्या हद्दीत नगर निगम नव्हे, कॅन्टोन्मेंट बोर्ड. महाराजपुऱ्याकडे हवाईदलाचा तळ, तिथे उंचीचा विचार आलाच.

अर्ज आता ऑनलाइन. राज्याची 'ए-बी-पास' प्रणाली आहे. नोंदणीकृत आर्किटेक्ट ठरलेल्या लेअरमध्ये ड्रॉइंग काढून ते चढवतो, संगणक मापं वाचतो आणि कुठे नियम मोडतो ते दाखवतो. मग उपयंत्री, म्हणजे निगमाचे कनिष्ठ अभियंते, जागेवर येऊन पाहणी करतात, शुल्क भरायचं, अधिकाऱ्यांची डिजिटल सही होते. रांगा कमी झाल्या, हे मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. पण भिंत कुठे आहे ते संगणकाला कळतं. ती कुणाची, ते त्याला दुसऱ्या कागदानंच सांगावं लागतं.

या सगळ्यामागचं पुस्तक म्हणजे मध्य प्रदेश भूमी विकास नियम, 2012. त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. 140 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय करावीच लागते. तिघरा धरणावर जगणाऱ्या या शहरात उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा हे कलम किती गरजेचं आहे ते कळतं. आता हिशेब बघा. आपल्याकडे मध्यमवर्गीय घराचा नेहमीचा प्लॉट 30 बाय 50 फुटांचा, म्हणजे 1500 चौरस फूट. मीटरमध्ये तो 139.35 भरतो. पाऊण चौरस मीटरहूनही कमी फरकानं तो नियमाबाहेर राहतो. असे प्लॉट नव्या वसाहतींत गल्लीगल्लीला आहेत आणि त्यांच्या गच्चीवरचा पाऊस सरळ नालीत जातो. ही मर्यादा खाली आणली पाहिजे, आणि लवकर.

दुसरी बोच मोकळ्या जागेची. इथे तिला 'एमओएस' म्हणतात: घराभोवती सोडायची जागा, पुढून इतकी, मागून इतकी. आग लागली तर बंब पोचावा, उजेड यावा म्हणून ती हवीच. पण लश्करातला वाडा नेमका उलटा विचार करून बांधलेला आहे. भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली, दार थेट गल्लीत, कोरीव दगडी तोड्यांवर सज्जा, आणि मोकळी जागा सगळी पोटात, चौकात. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना तो चौक रात्री शिंपडला की घर श्वास घेतं. वाटणीत वाड्याचे तुकडे होतात, एका भावाच्या वाट्याला पंधरा फुटांची पट्टी येते, आणि पुढे-मागे जागा सोडायची म्हटल्यावर मधला चौक बुजवण्यावाचून त्याला मार्ग राहत नाही. मोकळी जागा मोकळीच आहे ना, मग ती आत मोजायला काय अडचण आहे?

आमचा नकाशा आला तेव्हा आजीनं चष्मा लावून तो जमिनीवर पसरला. खोल्या तिला लगेच कळल्या. मधल्या एका चौकोनावर तीन अक्षरं होती, ओटीएस. मी सांगितलं, ओपन टू स्काय, वरून उघडी जागा, न्हाणीघराला हवा यावी म्हणून. चार फूट बाय तीन फूट. तिनं वितीनं आधी कागदावर आणि मग उठून फरशीवर ते माप घेतलं, आणि विचारलं, "वृंदावन मावेल, पण प्रदक्षिणा कुठून घालायची?"

आर्किटेक्टला परत फोन केला. एक खोली दोन फुटांनी लहान झाली.