स्टेटस पाहिलं, आता वही दाखवा!



'धंद्याचा पैसा वेगळा, घरचा पैसा वेगळा' हे वाक्य मी व्हिडिओत किती वेळा म्हटलंय, याची मोजदाद नाही. मध्यंतरी एका वर्गात हेच शिकवत होतो. पहिल्या रांगेत एक ताई होत्या, घरून मसाले बनवून विकतात. त्या म्हणाल्या, "सर, तुमची रोजकीर्द दाखवता का? म्हणजे कशी लिहायची ते कळेल."

प्रश्न साधा होता. पण माझी वही पाच आठवडे कोरी होती. वर्गाची फी आणि घरचा किराणा, दोन्ही एकाच यूपीआय खात्यावर चाललेलं. "पुढच्या वेळी आणतो" असं म्हणून मी विषय बदलला. घरी जाताना मात्र स्वतःचीच लाज वाटली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पण मी खोटं शिकवत नव्हतो. सल्ला बरोबरच होता. मग तो माझ्याच हातून का पाळला गेला नाही?

सांगितलं की केल्यासारखं वाटतं

पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कायद्याचे विद्यार्थीही होते. ज्यांचा चांगला वकील होण्याचा संकल्प दुसऱ्या कुणीतरी वाचून त्याची दखल घेतली, त्यांनी नंतर अभ्यासाला कमी वेळ दिला. म्हणजे काय, तर लोकांनी आपल्याला 'तसा माणूस' मानलं की मनाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

आपलंही तेच होतं. सकाळी सहाला 'शिस्त हेच भांडवल' असं स्टेटस टाकायचं. चाळीस जण बघतात, दहा जण अंगठा देतात. आपण शिस्तीचे आहोत, असं आपल्यालाच वाटायला लागतं. आणि दुकान मात्र साडेदहाला उघडतं!

याची किंमत रुपयांत मोजा. गल्ल्यातून रोज १५० रुपये न लिहिता घरासाठी उचलले, तर महिन्याला ४,५०० आणि वर्षाला ५४,००० रुपये होतात. वर्षाअखेरीला आपण म्हणतो, "धंद्यात काही उरत नाही." अहो, उरतं की! पण ते गेलं कुठे, हे लिहिलेलं नसतं.

मग करायचं काय?

१. सल्ल्याला वेळ आणि जागा द्या. 'हिशोब ठेवीन' एवढ्याने भागत नाही. 'शटर ओढलं की कुलूप लावायच्या आधी वही लिहीन' असं ठरवा. 'अमुक झालं की तमुक करीन' या पद्धतीवरही गॉलविट्झर यांनीच संशोधन केलंय. नुसत्या इच्छेपेक्षा असं ठरवलेलं काम होण्याची शक्यता जास्त असते.

२. आधी वही, मग स्टेटस. जे तुम्ही स्वतः महिनाभर केलं नाही, ते दुसऱ्याला सांगू नका. सांगायचंच असेल तर 'मीही अजून शिकतोय' असं खरं सांगा. गिऱ्हाईक खऱ्या माणसावर विश्वास ठेवतं.

३. एक दिवस चुकला तर सोडू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असा अंदाज निघाला. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, इतका त्यात फरक होता. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही. म्हणून २१ दिवसांत जमलं नाही की हार मानायची, असं करू नका.

४. दाखवायला एक माणूस ठेवा. शंभर जणांनी स्टेटस बघण्यापेक्षा एकाने दर रविवारी वही बघितलेली बरी. बायको, नवरा, भाऊ, शेजारचा दुकानदार, कुणीही चालेल. त्याला बेत सांगायचा नाही, लिहिलेलं पान दाखवायचं.

मी त्याच आठवड्यात धंद्यासाठी वेगळं खातं उघडलं. महिन्याभराने वही घेऊन वर्गात गेलो. तीसपैकी सव्वीस दिवस लिहिलेले होते. ताईंनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "सर, चहाचे पैसे कुठे दिसत नाहीत ते?"

खरंच, लिहिलेच नव्हते! आता लिहितो.

मित्रांनो, आज हा लेख कुणालाही पाठवू नका. आधी रात्री दहा मिनिटं बसा, आजचं पान लिहा. उद्या खुशाल पाठवा.