खापरपणजोबांचा कागदोपत्री माग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पूर्वजांच्या आयुष्याचा माग ज्या कागदांतून काढायचा असतो, त्यांतला जवळजवळ एकही कागद वंशजांसाठी लिहिलेला नसतो. तलाठ्याने तो साऱ्यासाठी लिहिला, कोतवालाने रोगराईचा हिशेब वर पाठवण्यासाठी, मास्तरांनी हजेरीपटासाठी आणि तीर्थोपाध्यायाने आपला यजमान दुसऱ्याकडे जाऊ नये म्हणून. नोंद कोणी आणि कशासाठी केली, हे विसरले की गैरसमज सुरू होतात.

त्यांतला सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की दफ्तरात फक्त इनामदार, देशमुख, पाटील-कुलकर्णी अशा बड्या घराण्यांचीच नावे सापडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातल्या हजारो रुमालांपुरते, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांपुरते, ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण इंदापूर तालुक्यात १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केलेली जमीन मोजणी मुंबई इलाखाभर पसरली आणि दोन-चार बिघ्यांचा धनीही कागदावर आला. १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती त्यांची नावे कुळांच्या नोंदींत आढळतात, कारण १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळ मालक ठरले तेव्हा प्रत्येक कुळाची चौकशी झाली. महार आणि रामोशी वतनदारांची नावे वतनाच्या कागदांत आहेत. भटक्या जमातींच्या कित्येक माणसांची सर्वांत तपशीलवार नोंद तर गुन्हेगार जमाती कायद्याखालच्या रजिस्टरांत, बोटांच्या ठशांसह, झाली. सरकारने ज्यांना माणूस म्हणून मोजले नाही, त्यांची संशयित म्हणून मात्र चोख दखल घेतली.

जन्माचा दाखला नाही म्हणजे शोध खुंटला, अशीही समजूत असते. जन्ममृत्यू नोंदणीचा देशभरचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १९७० पासून लागू झाला. मात्र त्याआधीही गावोगाव गाव नमुना १४ भरला जाई. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. तहसीलच्या अभिलेख कक्षात त्याचे जीर्ण गठ्ठे असतात आणि अर्ज केल्यावर नक्कल मिळते. त्यात बाळाचे नाव शोधत बसणारे हमखास निराश होतात. बारसे व्हायच्या आधी नोंद होत असल्याने तिथे नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असते, सोबत बापाचे नाव, जात आणि तारीख. म्हणून शोध बापाच्या नावाने घ्यावा लागतो. मृत्यूच्या नोंदीत कारणही असते. पटकी, प्लेग, ताप एवढेच एका शब्दात, पण एकाच महिन्यात एका घरातली तीन नावे त्या कारणापुढे दिसली तर त्या कुटुंबाचे पुढे काय झाले असेल याचा अंदाज येतो.

शाळेच्या जनरल रजिस्टरातली जन्मतारीख अचूक मानणे ही मात्र उलट बाजूची चूक. महाराष्ट्रात एका विशिष्ट पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, तो काही ग्रहयोग नव्हे. जूनमध्ये शाळा भरे, पोराचे वय विचारले जाई, आई-बाप ‘दुष्काळाच्या साली झाला’ असे काहीतरी सांगत, आणि मास्तर सहा वर्षे मागे जाऊन १ जून लिहून मोकळे होत. या रजिस्टरात भरवशाचे ते जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण. ‘परगावी गेला’ एवढ्या शेऱ्यावरून एखाद्या कुटुंबाने गाव केव्हा सोडले ते कळते.

आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच असते, हे गृहीत धरून शोध घेणारा लवकरच अडतो. जुन्या कागदांत माणूस आडनावाने नव्हे तर बापाच्या नावाने ओळखला जाई: ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वलद तमुक’. बाई असेल तर ‘कोम’ किंवा ‘जोजे’ लिहून पुढे नवऱ्याचे नाव. पाटीलकी मिळाली की पाटील, गाव सोडले की त्या गावाचे ‘-कर’, अशी एकाच घराच्या दोन भावांची दोन आडनावे झालेली आढळतात. म्हणून आडनावापेक्षा गाव, बापाचे नाव आणि जमिनीचा सर्वे नंबर हे तीन धागे अधिक पक्के.

सातबारा पाहिला की काम झाले, असे वाटणाऱ्यांनी फेरफार वाचलेला नसतो. सातबाऱ्यावर नाव आणि वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. गोष्ट त्या क्रमांकाच्या नोंदीत असते. वारसाच्या जुन्या फेरफाराचा साचा ठरलेला: खातेदार सुमारे इतक्या वर्षांपूर्वी मयत, त्यास मुलगे इतके, पैकी थोरला ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून दाखल, धाकटा अज्ञान असल्याने अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. या चार ओळींत मृत्यूचा काळ, भावंडांचा क्रम आणि घरचा कारभार कोणाकडे गेला ते सगळे येते. एक खबरदारी घ्यायला हवी. ए.कु.मॅ. म्हणून एकाचेच नाव लागले असेल तर बाकीचे भाऊ नव्हते असे होत नाही.

स्त्रियांचा माग लागतच नाही, हेही अर्धेच खरे. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलल्याने माहेरची मुलगी आणि सासरची सून कागदावर दोन वेगळ्या बायका होतात. विधवा फेरफारात येई, मुलगी सहसा नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने चित्र बदलले आणि मुली वारस म्हणून, सासरच्या नावगावासह, नोंदल्या जाऊ लागल्या. पुढच्याच एक-दोन फेरफारांत बहुधा हक्कसोडपत्र येते. भावासाठी हिस्सा सोडताना केलेली सही किंवा अंगठा, हा कित्येक आज्यांचा सरकारदफ्तरातला एकमेव ठसा आहे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथल्या उपाध्यांच्या वह्यांत अखंड वंशावळ मिळते, अशी श्रद्धा आहे. या नामावळ्या मोलाच्या आहेत, पण त्या यात्रेच्या नोंदी आहेत. जो आला त्याने आपले, बापाचे, आज्याचे, भावांचे नाव सांगितले, कधी स्वतःच्या हाताने लिहिले. दोन यात्रांमध्ये साठ वर्षे गेली असतील तर मधली पिढी आठवणीवर उभी असते, आणि जीर्ण वही नव्या वहीत उतरवताना नजरचूक होऊ शकते. कोल्हापूर-सांगलीकडचे हेळवी वंशावळ वाचून दाखवतात, त्यालाही हाच नियम लागू. स्वहस्ते लिहिलेली यात्रेकरूची नोंद आणि तोंडी सांगितलेले वरचे पुरुष, यांचे वजन सारखे धरू नये.

मोडी येत नाही म्हणून मागे फिरण्याचे कारण नाही. ती काही महिन्यांच्या सरावाने वाचता येते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळला जात नाही, त्यामुळे नावांच्या बाबतीत अनुमान लागते. खरा घोटाळा सालांचा होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसलीत सुमारे ५९०, आणि पेशवाईतल्या सुहूर सनात ५९९. तो तर अरबी संख्याशब्दांत लिहितात. ‘सीत खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५६, अर्थात इ. स. १७५५-५६. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल असल्याने तिथला कागद बहुधा उर्दूत आहे. २०२३ साली न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. विदर्भात दफ्तराची रचनाच निराळी. तिथे बंदोबस्त मिसल आणि अधिकार अभिलेख हे शब्द घेऊन विचारावे लागते.

गोव्यात चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदी पोर्तुगीजमध्ये आहेत. धर्मांतरापूर्वीचे आडनाव तिथे क्वचितच मिळते. कोकणातून मॉरिशसला गिरमिटिया म्हणून गेलेल्यांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. घरच्यांनी ‘बोटीवर गेला तो परतला नाही’ म्हणून सोडून दिलेल्या माणसाचे गाव, बापाचे नाव, वय आणि कधी छायाचित्रही तिथे निघते.

जनगणनेत सगळ्यांची नावे असणार, हा तर्क सरळ असला तरी निरुपयोगी आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तींची माहिती गोपनीय आहे, तपासायला मिळत नाही. काही गावांत १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर मात्र शिल्लक आहे. जुने सातबारे आणि फेरफार आता बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन होऊन संगणकावर दिसतात; कोतवाल बुक, शाळेची रजिस्टरे आणि मोजणीचे कागद पुष्कळदा तालुक्याला जाऊनच पाहावे लागतात. आणि ‘रेकॉर्ड नाही’ हे उत्तर नेहमीच अंतिम नसते. सरकारी दफ्तराच्या वर्गवारीत ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे असतात, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे. हवा असलेला कागद कोणत्या वर्गातला ते अर्जात लिहिले, तर तो नियमाने नष्ट झाला की नुसता सापडत नाही, याचे लेखी उत्तर मागता येते.