घोरपडीचे तेल आणि आमवात

‘डॉक्टर, घोरपडीचे तेल लावू का?’ असे सांधेदुखीचे रुग्ण मला अजूनही विचारतात. चोळल्याने ऊब येते, घटकाभर बरे वाटते. पण ते श्रेय चोळण्याचे. तिळाचे तेलही तेवढेच करते. शिवाय घोरपड मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. खरे नुकसान वेळेचे. सकाळी बोटे तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. त्यात सांध्याचे अस्तर सुजून हाड कुरतडले जाते. वाकडी झालेली बोटे मग गोळ्यांनी सरळ होत नाहीत. मेथोट्रेक्झेट लवकर सुरू केल्यास हे बरेचसे टळते. (ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज नव्हे!) तेलाबरोबर मिळणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असू शकते. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा.