अमेरिकेच्या दारातली रांग
व्हिसा हाती आला तरी प्रवेश निश्चित नसतो. विमानतळावर नेमके काय घडते?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुला-मुलींना भेटायला निघालेल्या आई-वडिलांची बहुतेक धास्ती व्हिसाच्या मुलाखतीपाशी संपते. मुंबईतील अमेरिकी वकिलातीने पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा उमटवला की आता अडचण ती कसली, अशी समजूत होते. ही समजूत अपुरी आहे. व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. दार उघडायचे की नाही आणि किती दिवसांसाठी, याचा निर्णय विमानतळावरील इमिग्रेशन अधिकारी घेतो.

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या रस्त्यावर मुर्धे, राई आणि मोरवा ही गावे लागतात. मोरव्याहून दहिसर नाक्यामार्गे सहारपर्यंतचा प्रवास येथील ज्येष्ठांच्या अंगवळणी पडलेला असतो. न्यूअर्क, शिकागो किंवा सॅनफ्रान्सिस्को येथील अवाढव्य दालनात, परक्या भाषेत, रात्रभराच्या जागरणानंतर उभे राहणे ही मात्र वेगळी बाब आहे. म्हणूनच या रांगेचे नियम निघण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

रांग कोठे लागते?

अमेरिकेतील ज्या विमानतळावर प्रवासी प्रथम उतरतो, तेथेच इमिग्रेशनची तपासणी होते. अंतिम मुक्काम डेट्रॉइट असला आणि विमान न्यूयॉर्कला बदलायचे असले, तर रांग न्यूयॉर्कलाच लागते. एवढेच नव्हे, तर मुंबईत चेक-इन केलेल्या बॅगा सर्वसाधारणपणे तेथेच पट्ट्यावरून उचलून, कस्टम्समधून नेऊन पुन्हा विमान कंपनीच्या स्वाधीन कराव्या लागतात. मुंबईत पुढचा बोर्डिंग पास मिळाला म्हणजे सामानही परस्पर जाईल, असे गृहीत धरल्याने अनेकांची तारांबळ उडते. दोन विमानांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवणे शहाणपणाचे ठरते, कारण तीन-चार मोठी विमाने एकाच सुमारास उतरली की रांग पाहता पाहता दुप्पट होते.

याला एक अपवाद आहे. अबुधाबी, डब्लिन आणि शॅनन येथे अमेरिकी अधिकारी विमानात बसण्यापूर्वीच ही तपासणी करतात. अबुधाबीतील केंद्र जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाले. या मार्गाने जाणारा प्रवासी अमेरिकेत देशांतर्गत प्रवाशाप्रमाणे उतरतो. प्रवेश नाकारला गेला, तर तोही अमेरिकेत पोहोचण्यापूर्वीच कळतो.

खिडकीपाशी काय होते?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने जुने इमिग्रेशन खाते मोडीत काढले आणि १ मार्च २००३ पासून सीमेवरील तपासणी 'कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन' या नव्या यंत्रणेकडे सोपवली. जानेवारी २००४ मध्ये परदेशी प्रवाशांच्या दोन बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्यास प्रारंभ झाला. २००७ च्या अखेरीपासून दहाही बोटांचे ठसे घेतले जाऊ लागले. शेतात वा मिठागरात हयात घालवलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, वयामुळे त्वचा कोरडी पडते आणि यंत्र ठसा वाचत नाही. अशा वेळी घाबरण्याचे कारण नाही. हात किंचित ओलसर करून पुन्हा प्रयत्न करता येतो. पूर्वी ८० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना या नोंदींतून वगळले जात असे. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमानुसार परदेशी नागरिकाचे छायाचित्र, वय कितीही असो, येताना आणि जातानाही घेता येते.

त्यानंतर प्रश्न येतात. कशासाठी आलात, कोणाकडे राहणार, परत कधी जाणार, खर्च कोण करणार, सोबत रोकड किती? अमेरिकी कायदा पर्यटक व्हिसावर येणारा प्रत्येकजण तेथेच राहू पाहतो असे गृहीत धरतो. तसे नाही, हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशावर असते. मुलाचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक, परतीचे तिकीट आणि औषधांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत असावी, चेक-इनच्या बॅगेत नव्हे. उत्तरे थोडक्यात आणि खरी द्यावीत. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, त्यामुळे घरकाम किंवा मूल सांभाळण्याचा उल्लेख आला की अधिक प्रश्न विचारले जाऊ शकतात. तरीही त्यावर उपाय खोटे बोलणे हा नाही. महत्त्वाच्या बाबतीत खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. इंग्रजी समजत नसेल तर मान डोलावण्याऐवजी दुभाषा मागावा. व्हीलचेअरची सोय विमान कंपनीने विनामूल्य करावयाची असते. ती तिकिटासोबतच नोंदवावी.

दुसऱ्या खोलीत

पहिल्या अधिकाऱ्याचे समाधान झाले नाही, तर प्रवाशाला 'सेकंडरी' तपासणीसाठी आतल्या दालनात पाठवले जाते. ही अटक नसते. पुष्कळदा कारण साधे असते. नाव दुसऱ्या कोणाच्या नावाशी जुळते, किंवा कागदांत विसंगती असते. ऑगस्ट २००९ मध्ये अभिनेता शाहरुख खान याला न्यूअर्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवण्यात आले, तेव्हा भारतात गदारोळ उठला. २०१२ आणि २०१६ मध्येही त्याच्यावर तोच प्रसंग ओढवला. नावसाधर्म्यामुळे वारंवार अडवले जाणाऱ्यांना अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडे 'ट्रिप' या योजनेखाली तक्रार नोंदवता येते. २००७ पासून चालू असलेल्या या योजनेत मिळणारा क्रमांक पुढील तिकिटांवर घालावा लागतो.

आपल्याकडील नावांचाही एक घोळ आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर संपूर्ण नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी 'एफएनयू' ही अक्षरे येतात. तिकिटावरचे नाव त्याच्याशी जुळते का, हे आधीच पाहावे.

या दालनात मोबाइल फोन तपासण्याचाही अधिकार अधिकाऱ्यांना आहे. परदेशी नागरिकाने त्यास नकार दिला, तर त्याचा परिणाम प्रवेशाच्या निर्णयावर होऊ शकतो. १९९६ च्या कायद्यान्वये अधिकारी न्यायाधीशापुढे न नेताही प्रवाशाला परत पाठवण्याचा आदेश काढू शकतात. तसा आदेश निघाल्यास साधारणतः पाच वर्षे अमेरिकेत जाता येत नाही. काही वेळा स्वतःहून प्रवेशाचा अर्ज मागे घेऊन परतण्याची मुभा दिली जाते. तीत ही पाच वर्षांची बंदी लागत नाही. मात्र ही मुभा देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असते.

खरी तारीख कोणती?

सर्वांत महागात पडणारा गैरसमज मुक्कामाच्या मुदतीचा आहे. व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी एका खेपेचा मुक्काम 'आय-९४' या नोंदीतील तारखेपर्यंतच असतो, आणि पर्यटकांना ती बहुधा सहा महिन्यांची मिळते. पूर्वी हे कार्ड पासपोर्टला टाचून देत. २०१३ पासून हवाई प्रवाशांसाठी ही नोंद संगणकीय झाली असून ती संकेतस्थळावर पाहावी लागते. अनेक ठिकाणी आता पासपोर्टवर शिक्काही मारला जात नाही. म्हणून घरी पोहोचताच मुलाकडून आय-९४ ची तारीख काढून घ्यावी व भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ती उलटल्यास व्हिसा रद्दबातल होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपेक्षा अधिक झाल्यावर परतल्यास तीन वर्षांची, आणि एक वर्ष वा त्याहून अधिक झाल्यास दहा वर्षांची बंदी येते. आजारपणामुळे थांबणे भाग असेल, तर मुदत संपण्यापूर्वीच वाढीचा अर्ज करावा लागतो.

ग्रीन कार्ड असलेल्या ज्येष्ठांनीही निर्धास्त राहू नये. थंडीचे महिने गावी घालवून परतणाऱ्यांना, विशेषतः १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांना, तुम्ही खरोखर अमेरिकेत राहता का, असे विचारले जाते. अशा वेळी ग्रीन कार्ड सोडून देण्याचा 'आय-४०७' हा अर्ज पुढे केला जाऊ शकतो. त्यावर सही करणे सक्तीचे नाही. इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडण्याचा हक्क कार्डधारकाला आहे. न वाचता केलेली सही हा हक्क घालवून बसते.

पिशवीतला आंबा

शेवटचा टप्पा कस्टम्सचा. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, ती लासलगाव येथील विकिरण केंद्रात प्रक्रिया केलेल्या व्यापारी मालासाठी. सामानातून नेलेला हापूस आजही जप्त होतो. खापरा किडीच्या धोक्यामुळे भारतातून सोबत नेलेल्या तांदळालाही मनाई आहे, मग तो वाडा कोलम का असेना. रोकड दहा हजार डॉलरपेक्षा अधिक असेल तर ती जाहीर करावी लागते. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे. खाद्यपदार्थांबाबतही हेच सूत्र लागू पडते. जाहीर केलेली वस्तू फार तर टाकून दिली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी दंड होतो.

वारंवार जाणाऱ्यांसाठी 'ग्लोबल एंट्री' हा मार्ग जुलै २०१७ पासून भारतीय नागरिकांना खुला आहे. पूर्वतपासणी, मुलाखत आणि १२० डॉलर शुल्क यांनंतर मिळणारे हे सदस्यत्व पाच वर्षे चालते आणि लांब रांग टळते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्यांना मात्र रांगेवाचून गत्यंतर नाही. त्यांनी पासपोर्ट, पत्ता व परतीचे तिकीट हाताशी ठेवावे आणि न समजलेल्या कागदावर सही करू नये.