श्वास मोजणारे मणी

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे कळायला मिनिटभर त्याचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतील बाळात ते 60 किंवा अधिक भरले, तर धोका. त्यापुढे वर्षापर्यंत ही मर्यादा 50. गडचिरोलीच्या खेड्यांत बाळंतपणे करणाऱ्या अनेक दाया निरक्षर होत्या. 60 पर्यंत मोजणार कशा?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने मोजण्याची रीतच बदलली. एका पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी, सोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. घड्याळ उलटायचे, बाळाच्या पोटाची हालचाल पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. तान्ह्या बाळाच्या ओळीत पाच मण्यांनंतर सहावा लाल. मोठ्या बाळाच्या ओळीत चारांनंतर पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, की न्यूमोनिया समजून औषध सुरू. दहापर्यंतची मोजणी दाईला येतच होती, तेवढ्यावर निदान उभे राहिले.

पुढचे पाऊल जास्त धाडसाचे होते. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग म्हणजे दवाखाना, डॉक्टर, सलाईन, हीच तेव्हाची पद्धत. पण इथे बहुतेक बाळे घरीच जन्मत आणि घरीच दगावत. म्हणून 39 गावांत थोड्या शिकलेल्या स्थानिक बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन आणि तापमान बघे, ऊब राहील असे गुंडाळायला शिकवी. रडणे क्षीण झाले, दूध ओढणे मंदावले, अंग थंड पडले, अशी लक्षणे एकत्र दिसली की आधी दवाखान्यात न्यायचा सल्ला देई. घरचे तयार नसतील, तर त्यांच्या संमतीने तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन ती स्वतः देई. गावातल्या बाईच्या हाती सुई देणे, हाच माझ्या मते या कामाचा खरा गाभा.

हे काम सुरू होण्याआधी या गावांतला नवजात मृत्युदर हजारी 62 होता. तिसऱ्या वर्षी तो 25 च्या आसपास आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्त्या अशा गृहभेटी देतात: दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर सहा, घरी झाले असेल तर सात.

तुमच्या घरी बाळ आले असेल, तर आशाताईला दारातूनच परत पाठवू नका. बाळ तिच्यासमोर उघडे करून दाखवा, आणि तिने दवाखान्यात न्या म्हटले तर त्याच दिवशी न्या.